तुरुंगातला गावगाडा

१९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचा सत्याग्रह पेटला. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन लाखो माणसांनी तुरुंग भरले. त्यांत आमच्या वडीगोद्रीचा माझा आजाही होता. तुरुंगाच्या दारात नाव लिहून घेणाऱ्याने जात विचारली. आजा म्हणाला, ‘बौद्ध.’ ‘आधीची सांग.’ आज्याने सांगितली नाही; लिहिणाऱ्याने ती आपल्या मनाने लिहून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आज्याच्या हातात झाडू आला. म्हातारा शेवटपर्यंत सांगायचा, “गावातून निघालो तवा वाटलं, गाव मागं राह्यलं. तिथं पाहतो तर गाव आमच्या आधी जाऊन बसलेलं.”

मी घरातला पहिला पदवीधर. महाविद्यालयात इतिहास शिकवतो. त्या झाडूचा इतिहास मात्र मला कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडला नाही. तो कायदे आणि नियमपुस्तिकांत शोधावा लागला.

या शोधाची सुरुवात १८९४ च्या तुरुंग कायद्यापासून करावी लागते. ब्रिटिश हिंदुस्थानातील कैद्यांच्या मजुरीचा पाया हाच. कैद्याकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, घ्यायचे झाल्यास अधीक्षकाची लेखी परवानगी हवी, असे त्यात होते. राबणाऱ्या प्रत्येक कैद्याचे वजन दर पंधरवड्याला नोंदवावे आणि कामाने प्रकृती ढासळत असेल तर काम बदलावे, हेही होते. याला दयाबुद्धी समजण्याचे कारण नाही. याच कायद्यात तीस फटक्यांपर्यंतची शिक्षा होती, बेड्या होत्या, अंधारकोठडीचा एकांत होता. सरकारला कैदी जिवंत हवा होता, कारण जात्यावर दळण, काथ्या कुटणे, कोलू ओढणे, खडी फोडणे, सतरंज्या-गालिचे विणणे या कामांतून तुरुंगाचा खर्च भरून काढायचा होता. तेव्हाच्या ‘कैदी-कल्याणा’चा मोठा भाग हा असा हिशेबी होता.

तरीही मला त्या वजनाच्या नोंदीपाशी थांबावेसे वाटते. आमचे गाव तेव्हा निजामाच्या मुलखात होते; १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ते तसेच राहिले. इंग्रजी हद्द असो की निजामी, गावकीच्या कामाला जुंपलेल्या महाराचे वजन कुणी कधी केले? त्याचे तास कुणी मोजले? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडताना बाबासाहेबांचा मुद्दा हाच होता की, वतनदार महार हा चोवीस तासांचा बांधलेला नोकर आहे, तो नसेल तर घरच्या माणसाला राबावे लागते, आणि ज्या सरकारसाठी तो राबतो ते सरकार पुरता मोबदलाही देत नाही. चोरी करून सक्तमजुरीला गेलेल्यास नऊ तास. काहीही गुन्हा न करता जन्मास आलेल्यास चोवीस तास. गुन्हेगाराची शिक्षा कधीतरी संपत असे. जन्माची शिक्षा बापाकडून लेकाकडे वारसाने येत असे.

मग कुणी म्हणेल, निदान तुरुंगात तरी सगळे कैदी सारखेच असतील. तसे झाले नाही, आणि ते का झाले नाही हे समजून घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कंपनी सरकारने बंगाल इलाख्याच्या तुरुंगांत सर्वांचे जेवण एकत्र रांधण्याची पद्धत आणली, तेव्हा उच्चवर्णीय कैद्यांनी दंगे केले. १८५५ साली आरा आणि मुजफ्फरपूर येथे पितळी लोटे काढून मातीची भांडी दिली, त्यावरून लोक तुरुंगावर चालून आले. दोन वर्षांनी १८५७ चा उठाव झाला. राज्यकर्ते त्यातून शिकले ते हे, की कैद्याचे स्वातंत्र्य काढून घेतले तरी चालते, त्याच्या जातीला हात लावू नये. जातीची मर्जी राखणे हाच कारभाराचा शहाणपणा ठरला.

हा शहाणपणा पुढे प्रांतोप्रांतीच्या नियमपुस्तिकांत उतरला. त्या पुस्तिका किती चिवट होत्या पाहा. पश्चिम बंगालच्या पुस्तिकेत स्वयंपाकी ‘योग्य’ जातीचा असावा आणि झाडूवाले मेथर, हाडी, चांडाळ यांतून निवडावेत, अशा अर्थाचे नियम स्वातंत्र्यानंतरही टिकले. उत्तर प्रदेशच्या पुस्तिकेत साध्या कैदेतल्या माणसाला हलके काम देऊ नये असे म्हटले होते. अपवाद फक्त एक, असे काम करण्याची ‘सवय’ असलेल्या जमातीचा. सवय! हजार वर्षे लादलेल्या कामाला सवय म्हणायचे आणि त्या सवयीवरून पुन्हा तेच काम लादायचे.

१९१९ साली सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली तुरुंग समिती नेमली गेली. ती इंग्लंड-अमेरिका-जपानपर्यंत फिरली. कैद्याला सुधारून परत पाठवणे हे तुरुंगाचे ध्येय असावे, मुलांना मोठ्यांच्या तुरुंगात ठेवू नये, अंदमानची काळ्या पाण्याची शिक्षा बंद करावी, असे तिने सुचवले. हिंदुस्थानातील तुरुंगसुधारणेत या अहवालाचे स्थान मोठे आहे. पण कैद्याला सुधारू पाहणाऱ्यांनी नियमपुस्तिकांतली जात जिथल्या तिथे राहू दिली. पुढे १३ सप्टेंबर १९२९ ला लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर जतींद्रनाथ दास मरण पावले. त्यानंतर कैद्यांचे अ, ब, क वर्ग ठरले. त्यांना आधार शिक्षणाचा, प्रतिष्ठेचा, राहणीमानाचा. ज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही त्याला ‘क’ वर्गाखेरीज कोणता वर्ग मिळणार होता?

मराठी साहित्याने तुरुंगाचे गोडवे पुष्कळ गायिले. मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिले गेले, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने झाली, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून झाली. त्या ग्रंथांचे मोल मी नाकारत नाही. पण ज्या बराकीत ही पाने लिहिली गेली ती झाडणारे कोण होते, त्यांचे पायखाने कोण साफ करत होते? त्यांनी काय सोसले ते त्यांच्या हाताने लिहिले गेले नाही.

आणि ज्यांना भिंतींचीही गरज ठेवली नाही असे आमचे भटके भाऊ! १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मलेले मूलच संशयित ठरवले. सोलापूरला काटेरी तारांची वसाहत उभी राहिली; हजेरी द्यायची आणि गिरणीत राबायचे. कल्याणाच्या नावाने भांडवलदाराला हुकमी मजूर मिळाले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, कपाळावरचा शिक्का गेला नाही.

संविधानाने कलम १७ ने अस्पृश्यता आणि कलम २३ ने वेठ नष्ट केली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने कैद्याच्या श्रमाला योग्य मजुरी द्यावी असे सांगितले. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, जातीवरून कामे वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला, विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजणारी कलमेही रद्द केली. संविधान लागू झाल्यावर यास चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

तो रकाना खोडला गेला हे ऐकायला आजा नव्हता. पण कागदावरचा रकाना खोडला म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनातला खोडला, असे मानण्याइतके आपण भोळे नाही. विद्यार्थ्यांना, कार्यकर्त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: १९६४ च्या सत्याग्रहात, नामांतराच्या लढ्यात आपल्या वस्तीतून जे जे तुरुंगात गेले, त्यांपैकी जे हयात आहेत त्यांच्याकडे वही घेऊन जा. किती दिवस होतात हे विचाराच. पण हातात काय दिले होते, हेही विचारा. आमचा इतिहास त्या उत्तरात आहे.