अंगावरचे दूध आणि वाटीतली पेज

जुन्नरचे नाव काढले की इतिहासप्रिय वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम शिवनेरी उभा राहतो. त्यामागोमाग नाणेघाटातील राणी नागनिकेचा शिलालेख, लेण्याद्रीची लेणी आणि मलिक अहमदाने १४९० साली येथूनच उभी केलेली निजामशाही ही सारी आठवतात. शिवरायांच्या जन्मतिथीविषयी आपल्या विद्वानांत पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या काळी गडावरच्या वाड्यात काय किंवा गडाखालच्या झोपडीत काय, मूल आईच्या अंगावरून केव्हा व कसे सुटत असे, हा प्रश्न कोणा बखरकारास पडला नाही. जो जन्मास येतो त्याला एके दिवशी आईचे दूध सोडावे लागते. आणि तो काळ सुखरूप पार न पडल्यामुळे किती जीव अकाली गेले, ह्याची मोजदाद नाही. म्हणून ह्या विषयास इतिहासाच्या पानांत थोडी जागा दिल्यास अप्रस्तुत होणार नाही. मूल केव्हा तोडावे हे शास्त्राने सांगितले आणि रूढीने आपापल्या परीने ठरविले. तथापि जुन्नर व आंबेगाव ह्या दोन तालुक्यांची राहणी पाहिली, तर ते प्रत्यक्षात आईच्या कामावर आणि घरातील कणगीवर अवलंबून राहिले, असे दिसून येते.

आपल्या भाषेत ह्या संक्रमणाच्या आरंभाला एक नाव आहे आणि शेवटाला दुसरे. आरंभ म्हणजे उष्टावण. मामाने मांडीवर घेऊन खिरीचे पहिले बोट चाटवावे, आप्तेष्टांनी कौतुक करावे, असा तो सोहळा असतो. शेवट म्हणजे अंगावरचे दूध तोडणे. त्याला ना मुहूर्त, ना पाहुणे. घरातल्या बायका आपसांत हलक्या आवाजात ठरवितात आणि तो दिवस उरकून टाकतात. ह्या दोन टोकांमध्ये एक-दीड वर्षाचा काळ जातो. मुलाच्या प्रकृतीचा पाया ह्याच काळात घातला जातो आणि दुर्दैवाने ह्याच काळाकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते.

प्राचीन ग्रंथकारांचे तसे दुर्लक्ष झालेले नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात सहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितले असून दही, मध व तूप मिसळलेले अन्न द्यावे असे म्हटले आहे. (आजचे वैद्यक एक वर्षाच्या आतील मुलास मध मुळीच देऊ नये असे बजावते, हे येथे सांगून ठेवणे अवश्य आहे.) बालचिकित्सेवरील काश्यपसंहिता सहाव्या महिन्यात फळांचा रस व दहाव्या महिन्यात अन्न असा क्रम लावते. सुमारे सातव्या शतकातील वाग्भटाने तर तोडण्याविषयीच स्पष्ट सूचना दिली आहे. दात आलेल्या मुलास स्तनापासून क्रमाक्रमाने दूर करावे आणि दूध सुटलेल्या मुलास चारोळी, ज्येष्ठमध, मध, साळीच्या लाह्या व खडीसाखर ह्यांचा लाडू द्यावा, असे तो सांगतो. त्यातील ‘क्रमाक्रमाने’ हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जे काढून घ्यावयाचे त्याच्या जागी तितकेच पौष्टिक व तितकेच गोड असे काही तरी दिले पाहिजे, हे त्या वैद्याने ओळखले होते.

मातेचे दूधच नसेल तर धात्री ठेवावी, आणि तीही न मिळाल्यास शेळीचे अथवा गाईचे दूध द्यावे, असेही हे शास्त्र सांगते. धात्रीचे आपल्या इतिहासातील प्रसिद्ध उदाहरण ह्याच पुणे जिल्ह्यातले आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. मातोश्री सईबाईंची प्रकृती ढासळलेली. तेव्हा कापूरहोळच्या धाराऊने राजपुत्रास आपले दूध पाजले, असे परंपरा सांगते. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी निवर्तल्या, त्या वेळी मूल जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. धाराऊचे नाव महाराष्ट्र अद्याप कृतज्ञतेने घेतो. पण राजवाड्यात धाराऊ आली. सामान्य कुणब्याच्या वा कोळ्याच्या घरी कोण येणार? तेथे आईचे दूध आटले की शेळी, आणि शेळीही नसली की पेज, एवढाच मार्ग होता.

दूध आटण्याचे वा तोडण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे आईस पुन्हा दिवस जाणे. गर्भवती आईचे दूध पिणाऱ्या मुलास होणाऱ्या विकाराला आपल्या वैद्यांनी ‘पारिगर्भिक’ असे नाव दिले आहे. खोकला, मंदाग्नी, ओकारी, सुस्ती, कृशता, अन्नद्वेष आणि वाढलेले पोट ही त्याची लक्षणे माधवनिदानात सांगितली आहेत. आता ह्याच्या शेजारी एक आधुनिक शोध ठेवून पाहावा. १९३३ साली डॉ. सिसिली विल्यम्स ह्या विदुषीने आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथील मुलांच्या एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९३५ साली तेथील गा भाषेतले ‘क्वाशिओरकोर’ हे नाव त्यास दिले. धाकटे भावंड आल्यामुळे जागेवरून हटविलेल्या मुलाचा आजार, असा त्या शब्दाचा भावार्थ आहे. सूज आलेले पाय, सुटलेले पोट आणि किरकिरा स्वभाव असलेली ही मुले आईच्या दुधावरून निघून नुसत्या मक्याच्या पेजेवर आलेली होती. प्राचीन भारतीय वैद्याने दोष गर्भवतीच्या दुधास दिला. आजचे शास्त्र म्हणते की ते दूध विषारी नसते; ते कमी होते किंवा अवेळी बंद केले जाते, आणि त्याच्या जागी जे येते ते निकस असते. कारणमीमांसा भिन्न असली तरी दोघांनी पाहिलेले मूल बहुधा एकाच जातीच्या दुःखाचे होते.

शास्त्राने क्रमाने तोडावयास सांगितले असता रूढी मात्र बहुधा एका दिवसात तोडते. कोरफडीचा रस किंवा कडुनिंबाचा वाटलेला पाला स्तनाला लावावा, मुलाने तोंड लावताच तोंड कडू करून रडावे, दोन-तीन रात्री आजीने त्यास कुशीत घेऊन निजवावे; अथवा मुलास आजोळी पाठवून द्यावे, हे प्रकार महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहेत. एकाएकी तोडल्याने आईच्या छातीत गाठी होतात, ताप भरतो आणि मूल अन्नावरही रुसते. हे काय त्या बायकांना समजत नव्हते? समजत होते. परंतु क्रमाक्रमाने तोडणे ह्याचा अर्थ आईने कित्येक आठवडे दिवसातून अनेकदा मुलाजवळ बसणे हा आहे. आणि इतकी सवड ज्या स्त्रीला नाही, तिला कडुनिंबाचाच आश्रय घ्यावा लागतो.

ही सवड कशी नसते हे समजण्यासाठी ह्या तालुक्यांचा पश्चिम भाग पाहावा. घोड व कुकडी ह्या नद्या सह्याद्रीच्या माथ्याशी उगम पावतात. तेथे पावसाळा झडीचा, शेते डोंगरउताराची, आणि वस्ती मुख्यतः महादेव कोळी व ठाकर लोकांची. आषाढ-श्रावणात भाताची आवणी निघाली की घरातील प्रत्येक हात चिखलात गुंततो. आई दिवसभर वाकून रोपे लावीत असते. बांधावर इरल्याच्या आडोशाला मूल, आणि त्याला सांभाळण्यास सात-आठ वर्षांची बहीण. ह्याच दिवसांत कणगी तळाला गेलेली असते, पाणी गढूळ असते आणि हगवणीची साथ दाराशी उभी असते. अशा वेळी आईचे दूध हेच मुलास मिळणारे एकमेव निर्मळ अन्न होय. जे मूल नेमके ह्याच सुमारास तुटले, त्याच्यावर उपासमार व रोग दोन्ही एकदम चालून येतात. पूर्वेकडे नारायणगाव-मंचरच्या बाजूस कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने द्राक्षे, टोमॅटो व कांदा पिकतो, बाजार भरतो, दूध-अंडी सहज मिळतात. पश्चिमेकडील बाया त्याच बागाईत मजुरीला येतात. तालुका एकच, पण दूध तुटलेल्या मुलाच्या वाटीत पडणारा घास मात्र दोन ठिकाणी दोन प्रकारचा!

ह्यातली खेदाची गोष्ट अशी की, पोषणाची साधने ह्या डोंगरात अगदीच नाहीत असे नाही. नाचणीत कॅल्शियम विपुल असते. तिला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व केले तर ते शिजविल्यावर फार घट्ट होत नाही. त्यामुळे त्याच वाटीत अधिक धान्य मावते आणि लहान पोटास अधिक बळ मिळते. उलट टंचाईच्या दिवसांत पाणी वाढवून केलेली पेज पोट भरते, अंग भरत नाही. हिरड्याचेही तसेच. बाळगुटीत उगाळला जाणारा हिरडा ह्याच रानांतून वेचला जातो; आणि संस्कृत सुभाषितकाराने तर, ज्याच्या घरी आई नाही त्याची आई हिरडा, इथपर्यंत त्याचा गौरव केला आहे. पण हिरडा पोट साफ करील. त्या पोटात घालावयाचे अन्न त्यास कोठून आणता येणार?

ह्या भागातून मुंबईस पोटासाठी जाण्याची चाल जुनी आहे. तेथील डबेवाल्यांत आंबेगाव-जुन्नरची माणसे पुष्कळ आढळतात. त्या मुंबईत आईच्या कामाचा व मुलाच्या दुधाचा विरोध अधिकच तीव्र झाला. गिरणीत जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलास अफूची बाळगोळी देऊन निजवून जात, हे त्या काळच्या पाहणीत आढळून आले होते. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूतिविषयक विधेयक आले, तेव्हा प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतली. १९२९ साली तो कायदा झाला. पण तो कारखान्यांपुरता होता. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार मातेस २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. हिशेब केला तर हा काळ बरोबर उष्टावणापर्यंतचा आहे! आवणीच्या शेतात वाकलेल्या बाईस मात्र अशी रजा देणारा मालक अजून जन्मावयाचा आहे.

दुधाच्या डब्यांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९९२ साली झाला. २ ऑक्टोबर १९७५ पासून अंगणवाडीची योजना सुरू झाली. आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांस एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना महाराष्ट्राने २०१५ साली काढली आणि पुढल्या वर्षी सात महिन्यांवरील मुलांसाठी अंडे वा केळे तिला जोडले. हे सर्व स्तुत्यच आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले देशात अवघी सुमारे ११ टक्के भरली. ह्याचा अर्थ हा दोष केवळ डोंगरातील झोपडीचा नाही; आपल्या सुशिक्षित घरांतील वाटीही तपासून पाहण्याजोगी आहे.

जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, आणि पुढे योग्य अन्नाबरोबर दोन वर्षे व त्याहून अधिक काळ ते चालू ठेवावे असे सांगते. कुराणातही पूर्ण दोन वर्षांचा उल्लेख आहे. तेव्हा दीड वर्षाच्या मुलास अंगावर पाजणाऱ्या सुनेस “अजून तोडले नाहीस का?” असे टोचून विचारण्याचे कारण नाही, आणि नोकरीसाठी वा प्रकृतीसाठी जिला लवकर तोडावे लागले, तिला बोल लावण्याचेही नाही. तिला विचारावयाचेच झाले तर मूल दिवसातून किती वेळा खाते, त्याच्या पेजेत डाळ, तूप, अंडे काही पडते का, आणि त्याला भरविण्यास ती बसली तर तिच्या वाट्याचे काम कोण करील, हे विचारावे. ह्या शेवटल्या प्रश्नाचे उत्तर घरातील इतर माणसांनी द्यावयाचे आहे, आणि जिथे घर तोकडे पडते तिथे सरकारने.