सात बहिणींपैकी एक चर्चमध्ये: लइराई आणि मिलाग्रिस सायबीण

१) गोव्यातील डिचोली तालुक्यात शिरगाव नावाचे गाव आहे. तेथील ग्रामदेवता लइराई. तिची एक सख्खी बहीण म्हापशाच्या चर्चमध्ये राहते, अशी श्रद्धा त्या भागातील हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही बाळगतात. कॅथलिक पंथ आणि गावोगावची मातृदेवता यांच्यात हे बहिणीचे नाते कसे जुळले, ते या धाग्यात पाहू.

२) आख्यायिका अशी: सात बहिणी आणि खेतोबा हा त्यांचा एक भाऊ. लइराई शिरगावी राहिली, केळबाई मुळगावी, महामाया मये येथे, मोरजाई मोरजीला. मिराबाई मात्र म्हापशाला गेली, ख्रिस्ती झाली आणि ‘मिलाग्रिस सायबीण’ म्हणून पूजली जाऊ लागली. ‘मिलाग्रिस’ म्हणजे चमत्कार, ‘सायबीण’ म्हणजे स्वामिनी. चर्चच्या लेखी ती येशूची माता मेरी.

३) नशिराबादपासून सावंतवाडीपर्यंत कोणत्याही मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. आपल्या विहिरी-नद्यांच्या काठी साती आसरा आहेतच. गावदेवतांचे परस्परसंबंध आपली परंपरा तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत मांडत नाही, नात्यागोत्याच्या भाषेत मांडते: ही थोरली, ती धाकटी, हा त्यांचा भाऊ.

४) आता ही आख्यायिका नकाशावर ठेवून पाहा. म्हापसा बार्देशात आहे, आणि बार्देश १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला. ही ‘जुनी काबिजाद’. शिरगाव, मुळगाव व मये डिचोलीत, तर मोरजी पेडण्यात. हे महाल पोर्तुगीज सत्तेखाली आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, ‘नव्या काबिजादी’त. म्हणजे जी बहीण ख्रिस्ती झाली, ती नेमकी सीमेपलीकडची. आख्यायिका इतिहास नसते. परंतु इतिहासाने आखलेली रेषा तिच्यात स्पष्ट उमटली आहे.

५) ती रेषा रक्ताची होती. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी येथील देवळे पाडली गेली. भाविकांनी मूर्ती नद्या ओलांडून पोर्तुगीज हद्दीबाहेर नेल्या. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले. मधला अल्प काळ वगळता ते १८१२ पर्यंत टिकले.

६) याच काळात एक निराळा प्रयोग झाला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने मराठी आत्मसात केली. जुनी पुराणे हिरावली गेलेल्या नवख्रिस्त्यांसाठी त्याने सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. कथा बायबलची, छंद मात्र ओवीचा, आणि स्वर्गासाठी शब्द ‘वैकुंठ’.

७) पण राज्यसत्तेला ही जवळीक मानवली नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला. मुदत तीन वर्षांची. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने ख्रिस्ती घरांसाठी निषेधांची लांबलचक यादी जाहीर केली. लग्नातील हळद, विडा, स्त्रियांच्या ओव्या, अंगणातील तुळस, पुरुषांचे धोतर, स्त्रियांची चोळी, सारे वर्ज्य.

८) अशी यादी इतिहासाच्या अभ्यासकाने उलटी वाचावी. धर्मांतराला सुमारे दोनशे वर्षे होऊनही हळद, ओवी आणि तुळस घरात टिकून होती, म्हणूनच त्यांवर बंदी घालावी लागली. आजही गोव्यातील कॅथलिक लग्नाआधी वधूवरांना नारळाचा ‘रोस’ लावतात, आणि त्या वेळी स्त्रिया पारंपरिक गाणी म्हणतात.

९) मिलाग्रिस सायबिणीचे फेस्त ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी भरते. त्या दिवशी हिंदू भाविकही रांगेत असतात. देवळात वाहावे तसे तेल ते सायबिणीला वाहतात. लइराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची. व्रतस्थ ‘धोंड’ निखाऱ्यांवरून चालतात. परंपरेनुसार लइराईकडून बहिणीला तेल जाते आणि सायबिणीकडून लइराईला मोगऱ्याची फुले येतात. बहिणी सणावारी भेट पाठवतात, तशीच.

१०) येथे एक गैरसमज टाळायला हवा. या भेटीतून कोणताही तिसरा, ‘मिश्र’ धर्म जन्मला नाही. त्याला संस्थापक नाही, ग्रंथ नाही, स्वतंत्र पुरोहितवर्ग नाही. म्हापशाचा कॅथलिक कॅथलिकच आहे आणि शिरगावचा धोंड हिंदूच. समान आहे ते केवळ नाते.

११) आणि तेच नाते धर्मन्यायालयाच्या पकडीबाहेर राहिले. तुळस उपटता येते, चोळी उतरवता येते, पोथी जाळता येते. पण ‘ती आमची बहीण’ या वाक्यावर कोणती जप्ती आणणार? लोकांनी धर्मांतराची जखम नाकारली नाही. आख्यायिकेतही मिराबाई दूर गेलीच आहे. फक्त दूर गेलेल्या लेकीचे माहेर तुटते, हे त्यांनी मान्य केले नाही.

१२) आजही कोणी शुद्ध आणि अशुद्ध श्रद्धेची यादी करू लागले, तर १७३६ ची यादी आठवावी. आणि आपल्या गावची देवी कोणाची बहीण आहे, हे घरातील आजीला जरूर विचारावे. त्या उत्तरात एखादी पुसट झालेली सीमा, एखादे स्थलांतर किंवा न लिहिला गेलेला इतिहास दडलेला असू शकतो.