कॉलेजमधला 'समान संधी कक्ष' नेमकं काय करतो? तक्रार कुठे करायची, ऐकतं कोण?

वर्ग भरलेला आहे. शिक्षक किंवा ऑफिसमधला कर्मचारी हातात यादी घेऊन येतो आणि म्हणतो, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." दहा-बारा मुलं-मुली उभ्या राहतात. फॉर्मची तारीख सांगून तो निघून जातो. त्याच्यासाठी विषय संपला. पण त्या एका मिनिटात कोण कोणत्या प्रवर्गातून आलंय, हे सगळ्या वर्गाला कळलेलं असतं.

अनेकांना ही साधी गोष्ट वाटते. मात्र विद्यार्थ्यांची जात वर्गात जाहीर करणं किंवा त्यांच्यावर 'राखीव जागेवाले' असा शिक्का मारणं हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांनुसार भेदभाव आहे. तो रोखण्यासाठी प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत माणसं नेमलेली असणं अपेक्षित आहे. ही माणसं कोण, त्यांचे अधिकार किती आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायचं कसं?

कक्षाची सुरुवात कशी झाली?

विद्यापीठांमध्ये अनुसूचित जाती-जमाती कक्ष १९८० च्या दशकापासून आहेत. आरक्षणाची अंमलबजावणी, रिक्त जागा, शिष्यवृत्ती यांवर लक्ष ठेवणं हे त्यांचं मुख्य काम. प्रवेश मिळाल्यानंतर वर्गात, हॉस्टेलवर आणि प्रयोगशाळेत काय घडतं, याकडे मात्र फारसं लक्ष नव्हतं.

हा प्रश्न ठळकपणे पुढे आला तो दिल्लीच्या एम्समधून. तिथल्या भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी २००६ मध्ये अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. थोरात मूळचे अमरावती जिल्ह्यातले. समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. हॉस्टेलमध्ये वेगळं पाडलं जाणं, शिकवताना आणि परीक्षेत मिळणारी वेगळी वागणूक, अशा गोष्टी त्यात नोंदवल्या होत्या.

पुढे २०१२ मध्ये यूजीसीने उच्च शिक्षण संस्थांमधल्या समतेसाठी नियम केले. 'समान संधी कक्ष' आणि 'भेदभावविरोधी अधिकारी' या दोन्ही गोष्टी त्यातून आल्या. महाराष्ट्रात समाजकल्याण विभागाच्या पुढाकाराने अनेक कॉलेजांमध्ये 'समान संधी केंद्रं'ही सुरू झाली आहेत.

भेदभाव कशाला म्हणायचं?

जात, धर्म, भाषा, वंश, लिंग आणि अपंगत्व या कारणांवरून मिळणारी वेगळी वागणूक या नियमांमध्ये येते. काही उदाहरणं पाहू:

- कमी गुण मिळाले की त्याचा संबंध जातीशी किंवा सामाजिक पार्श्वभूमीशी जोडून टोमणे मारणं
- वर्गात किंवा वाचनालयात वेगळं बसवणं
- प्रयोगशाळेत काम न देता नुसतं बसवून ठेवणं
- हॉस्टेल, मेस किंवा मैदानावर वेगळं पाडणं
- पेपर तपासताना दुजाभाव करणं, निकाल अडवून ठेवणं

म्हणजे शिवीगाळ किंवा मारहाण झाली तरच तक्रार करता येते, असं नाही.

या माणसांचं रोजचं काम काय?

तक्रार ऐकणं हा त्यातला एक भाग झाला. कक्ष चांगला चालत असेल, तर बरंचसं काम तक्रार होण्याआधीच होतं.

मराठी माध्यमातून आलेली मुलगी पहिल्या सत्रात इंग्रजी लेक्चरमुळे मागे पडत असेल, तर तिच्यासाठी जादा तास लावणं. अंध विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक आणि दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतोय का, हे बघणं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असतात. पण जागा मिळाली आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय असेल, तर त्या आरक्षणाचा उपयोग किती?

शिष्यवृत्तीचंही तसंच. महाडीबीटी पोर्टलवर भरलेला अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगइनला जातो, मग प्राचार्यांच्या आणि त्यानंतर संबंधित विभागाकडे. पहिल्याच टप्प्यावर अर्ज पडून राहिला, तर खोलीचं भाडं आणि मेसचं बिल थकतं. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याचं शिक्षण टिकवण्यात वेळेवर अर्ज पुढे पाठवणाऱ्या क्लार्कचा वाटा प्राध्यापकाइतकाच मोठा असू शकतो. 'स्कॉलरशिपवाले उभे राहा' म्हणण्याऐवजी प्रत्येकाला स्वतंत्र मेसेज करणं, हेही याच कामात मोडतं.

तक्रार केल्यावर काय होतं?

२०१२ च्या नियमांनुसार भेदभावविरोधी अधिकाऱ्याने तक्रारीवर ६० दिवसांच्या आत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसेल, तर संस्थेच्या प्रमुखाकडे अपील करता येतं.

सगळ्या तक्रारी या एकाच कक्षाकडे जात नाहीत:

- लैंगिक छळ: अंतर्गत तक्रार समिती. साधारणपणे घटनेनंतर तीन महिन्यांच्या आत.
- रॅगिंग: कॉलेजची रॅगिंगविरोधी समिती किंवा राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.
- प्रवेश, फी, कागदपत्रं, निकाल: विद्यार्थी तक्रार निवारण समिती. २०२३ च्या नियमांनुसार त्यावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं.
- जातीय अत्याचार: १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली पोलिसांत. कक्षाकडे तक्रार केली म्हणून पोलिसांत जाण्याचा मार्ग बंद होत नाही.

तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तारीख, ठिकाण, कोण हजर होतं, याची नोंद त्याच दिवशी करून ठेवली आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जपले, तर पुढे अडचण येत नाही.

मग अडचण कुठे आहे?

भेदभावविरोधी अधिकारी बहुतेक वेळा त्याच संस्थेतला ज्येष्ठ प्राध्यापक असतो. तो शिकवतो, पेपर तपासतो आणि कक्षाचं काम 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून सांभाळतो. तक्रार त्याच्याच सहकाऱ्याविरुद्ध असू शकते. अपीलही त्याच संस्थेच्या प्रमुखाकडे. ज्याच्या हातात आपले इंटर्नलचे मार्क आहेत, त्याच्या शेजारच्या केबिनमध्ये तक्रार द्यायला विद्यार्थी कचरतात, यात नवल नाही.

याची किंमत मोठी आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुलाने आत्महत्या केली. २२ मे २०१९ रोजी मुंबईतल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या, मूळच्या जळगावच्या डॉ. पायल तडवी यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्यांच्या प्रकरणात वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवण्यात आला. आपण या छळाबद्दल आधीच सांगितलं होतं, असं पायल यांच्या आईचं म्हणणं होतं. २०१९ मध्ये राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन्ही आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१२ चे नियम कागदावरच राहिले आहेत, असा त्यांच्या याचिकेचा मुद्दा होता.

नव्या नियमांचं काय झालं?

या याचिकेच्या सुनावणीतूनच नव्या नियमांना चालना मिळाली. जानेवारी २०२६ मध्ये यूजीसीने नवे नियम अधिसूचित केले. समान संधी केंद्र, समता समिती, २४ तास हेल्पलाइन अशा तरतुदी त्यात होत्या आणि जातीय भेदभावाच्या व्याख्येत ओबीसींचाही समावेश होता. ही व्याख्या खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना संरक्षणाबाहेर ठेवते, असा आक्षेप घेत देशभर आंदोलनं झाली. दुसरीकडे, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या भेदभाव सोसावा लागला त्यांच्यासाठी नेमक्या तरतुदी हव्यातच, असं समर्थकांचं म्हणणं होतं. २९ जानेवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नव्या नियमांना स्थगिती दिली आणि तोपर्यंत २०१२ चे नियम लागू राहतील, असं सांगितलं.

आज विद्यार्थ्याने काय करावं?

कॉलेजच्या वेबसाइटवर समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकाऱ्याचं नाव शोधावं. नाव नसेल, नंबर लागत नसेल किंवा तिथे बदली होऊन गेलेल्या माणसाचं नाव असेल, तर प्राचार्यांना लेखी विचारावं. हे विचारायला स्वतःवर काही प्रसंग ओढवलेला असण्याची गरज नाही.

मनावरचा ताण असह्य होत असेल, तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर कधीही मोफत बोलता येतं. तक्रारीचं पुढे काय करायचं, ते नंतरही ठरवता येतं.