दारावरचा आकडा आणि काट्यावरचा

1960 साली जॉन स्टाइनबेक जीएमसी ट्रकच्या हौद्यात बिछाना-शेगडीची खोली बसवून अमेरिका पाहायला निघाला. गाडीचं नाव त्यानं डॉन किहोतेच्या मरतुकड्या घोड्यावरून रोसिनान्ते ठेवलं. पुढच्या दशकात अशा कॅम्परांची तिथं लाट आली, आणि तिच्यासोबत एक प्रश्न: टायरमध्ये हवा किती? आजही त्याची तीन उत्तरं मिळतात. एक दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीचं, दुसरं टायरच्या कुशीवर कोरलेलं, तिसरं टायर कंपनीच्या तक्त्यातलं. माझ्या मते यांतला एकही आकडा कॅम्परच्या ओझ्यासाठी आयता नाही; तो वजनकाट्यावर शोधावा लागतो. हवेच्या टायरचा इतिहासही तेच सांगतो.

विसाव्या शतकाच्या आरंभीचे ट्रक भरीव रबरावर धावत. हाडं खिळखिळी होत, पण हवेचा हिशेब नव्हता. 1917 मध्ये गुडइयरनं अ‍ॅक्रन ते बॉस्टन हवेच्या टायरांवर ट्रक चालवून दाखवला. पहिल्या फेरीला आठवडे लागले, तरी खात्री पटली. ओझं आता रबर नव्हे, कोंडलेली हवा पेलणार होती. हवा कमी पडली की टायरची कूस प्रत्येक फेऱ्याला वाकते, तापते आणि आतले थर सुटतात. म्हणून वजन आणि दाब यांची जोडी लावणारे तक्ते आले. 245/75 आर 16 मापाचा दहा प्लायच्या दर्जाचा टायर दर चौरस इंचाला 80 पाउंड हवेवर सुमारे 1,380 किलो पेलतो, 50 पाउंडांवर साधारण 1,000. म्हणजे दाब हा टायरचा नव्हे, ओझ्याचा गुण आहे.

मग चिठ्ठी कशाला? कारण कारखान्याला माल ठाऊक नसतो. तो एका ठरावीक भारासाठी, आरामाचाही विचार करून आकडा देतो. त्या आकड्यात तडजोड किती असते हे 2000 साली उघड झालं. फोर्ड एक्सप्लोररसाठी फोर्डची शिफारस 26 पाउंडांची होती, तर टायर बनवणारी फायरस्टोन 30 म्हणत होती, आणि त्या वर्षी लाखो टायर परत मागवावे लागले. दोष एकट्या हवेचा नव्हता, हे खरं. पण चिठ्ठी ही ब्रह्मवाक्य नाही एवढं त्यातून निश्चित दिसतं. टायरचं माप बदललं, तर ती चिठ्ठी त्या टायरची उरतच नाही.

यावर कोणी म्हणेल, सरळ चारही चाकांत टायरच्या कुशीवरचे 80 भरा, भानगड मिटली. मागच्या चाकांपुरतं हे बरेचदा बरोबरच ठरतं. समजा रिकाम्या ट्रकच्या मागच्या आसावर 1,300 किलो आहेत आणि 1,350 किलोचा कॅम्पर जवळजवळ सगळा तिथंच बसला. प्रत्येक चाकावर 1,325 किलो येतात, म्हणजे तक्त्याचं टोक जवळ आलं. (भार एका बाजूला कलला, तर तेवढंही पुरत नाही.) पुढचा आस मात्र जवळपास होता तसाच राहतो, तिथं 80 भरले की टायर मधोमध झिजतो, रस्त्याला टेकणारा भाग आखडतो, गाडी खड्ड्यांत उड्या मारते. कॅम्पर उतरवल्यावर मागेही हेच होतं. दुसरा आक्षेप असा की काटा कुठं शोधायचा. पण अमेरिकी महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर तो असतो आणि तो प्रत्येक आसाचं वजन वेगळं देतो. पाण्याची टाकी भरून, माणसं बसवून तोलायचं, जड बाजूचा आकडा धरायचा आणि तक्त्यातला दाब किमान मानून वर थोडी भर टाकायची. हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजायची. वाटेत तापून वाढलेला दाब सोडून देणं म्हणजे हिशेबच मोडणं.

2000 च्या त्या प्रकरणानंतर आलेल्या कायद्यामुळे नव्या गाड्यांत हवेचा इशारा देणारा दिवा आला, पण तो 10,000 पाउंडांपर्यंतच्या एकूण भारक्षमतेच्या गाड्यांना सक्तीचा आहे आणि कॅम्पर वाहणारे कित्येक एक-टनी ट्रक त्याच्या पुढचे आहेत. जिथं तो आहे, तिथंही चिठ्ठीच्या आकड्यापेक्षा 25 टक्क्यांनी दाब उतरेपर्यंत त्यानं पेटलंच पाहिजे असं नाही. चिठ्ठीवर 80 असेल, तर 60 पर्यंत तो गप्प राहू शकतो, आणि वरच्या उदाहरणातला ट्रक तोवर त्या टायरच्या कुवतीपेक्षा जास्त ओझं घेऊन धावत असतो.