फूल, जाळी आणि पोरी

बॅडमिंटनचं मूळ गाव पुणे असं सांगितलं, की आमच्या बीडकडची मंडळी हसतात. पुणेकरांनी हेही आपल्या नावावर करून घेतलं का, म्हणतात! पण गोष्ट खरी आहे. पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी दीडशे वर्षांपूर्वी हा खेळ खेळायचे आणि त्याला 'पूना' असंच म्हणायचे. १८७३ च्या सुमारास त्याचे नियम तिथे पहिल्यांदा कागदावर आले. १८७७ साली कर्नल सेल्बी यांनी कराचीत नियमांची पुस्तिका छापली (कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं). नाव मात्र पडलं विलायतेतल्या एका ड्यूकच्या वाड्यावरून, बॅडमिंटन हाऊसवरून. बाळंतपण इकडे, बारसं तिकडे. असो.

मी हे नियम शिकलो ते शिकवायचे होते म्हणून. १९७० च्या दशकात बालाघाटच्या डोंगरावरच्या एका शाळेत होतो. तिथला वारा काय सांगावा! आता त्याच पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, यावरून कल्पना करा. बॅडमिंटनच्या फुलाचं वजन जेमतेम पाच ग्रॅम, पिसं सोळा. मैदानात मारलं की थेट ज्वारीत. म्हणून तर हा खेळ घरात गेला. वाऱ्याच्या प्रदेशात लोकांनी दुसरी युक्ती काढली, फुलाऐवजी लोकरीचा चेंडू. तो बॉल बॅडमिंटन तंजावरला, म्हणजे आपल्या भोसल्यांच्या तंजावरात रुजला असं सांगतात. पण आमच्याकडे लोकरीचा चेंडू कुठला मिळायला? गावात सोसायटीचं धान्याचं गोदाम होतं, उन्हाळ्यात रिकामं असायचं. तिथे राखेनं रेषा मारल्या. लांबी ४४ फूट, रुंदी २० फूट. जाळी मध्यभागी ५ फूट, खांबांशी एक इंच जास्त. (सुरुवातीला विलायतेत हे मैदान जाळीपाशी अरुंद आणि टोकांना रुंद, डमरूसारखं असे. १९०१ मध्ये ते चौकोनी झालं.)

लेकरांना एकच नियम अवघड जायचा, सर्व्हिस कुठून करायची हा. आपले गुण सम असले की उजवीकडून, विषम असले की डावीकडून, आणि फूल समोरच्या तिरप्या चौकटीतच पडलं पाहिजे. शून्य सम की विषम, यावर वर्गात तास गेला. गणिताच्या पुस्तकानं जे जमलं नव्हतं ते त्या गोदामात जमलं.

पण खरी अडचण पोरींची होती. सातवीनंतर आईबाप खेळू देत नसत. कबड्डीचं नाव काढलं तर घरात महाभारत. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरी तर दसरा झाला की कोयत्याबरोबर कारखान्यावर जायच्या, त्या परत येईपर्यंत शाळा संपत आलेली. ज्या उरत, त्यांच्या घरी मी हा खेळ समजावून सांगितला. मधे जाळी असते, अंगाला अंग लागत नाही, भिंतीच्या आत खेळायचं. हे ऐकून एक म्हातारी म्हणाली, "मंग खेळू द्या की, ह्यात काय वाईट हाय?" जाळीचा असा उपयोग कर्नल सेल्बींच्या ध्यानीमनीही नसेल. पण विलायतेतही बायकांना ह्या खेळात लवकर जागा मिळाली. १८९९ च्या पहिल्या ऑल इंग्लंड स्पर्धेत पुरुष दुहेरीबरोबर महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरीही होती. एकेरी आली ती पुढच्या वर्षी.

आईबापांना मी पुण्याच्या देवधरांचं उदाहरण द्यायचो. क्रिकेटवाले प्रा. दि. ब. देवधर, संस्कृतचे प्राध्यापक. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन ह्या तिन्ही मुली बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. प्राध्यापकाचं घर म्हटलं की आमच्याकडे जरा वजन पडायचं. तरी दोन घरांनी नाही म्हटलं ते नाहीच.

त्या काळी ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण. पुरुषांची एकेरी १५ गुणांची आणि महिलांची ११ ची. पोरी विचारायच्या, आमचे चार कमी का? पुस्तकात असंच आहे, एवढंच मला सांगता यायचं. २००६ मध्ये जागतिक संघटनेनं गुणांची पद्धत बदलली, प्रत्येक फुलाला गुण आणि दोघांनाही डाव २१ चा. हे मी एका जुन्या विद्यार्थिनीला फोनवर सांगितलं. तिची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, "गुरुजी, मग आमचे तेव्हाचे चार-चार गुण राहिलेच की."

मी म्हटलं, राहिले.