आरोपी आणि गुन्हेगार

नसरापुराहून वेल्ह्याकडे जातांना मार्गासनी हें गांव लागतें. तेथून राजगडाकडे वाट फुटते. गुंजण मावळांतल्या या गांवीं सकाळीं वर्तमानपत्र येतें, आणि पोलिसांनीं काल ज्यास पकडलें तो दुपारपर्यंत 'गुन्हेगार' होऊन बसतो. पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतहि याहून निराळें घडत नाहीं.

वास्तविक 'आरोप' हा शब्द आपल्या वेदान्त्यांच्या परिचयाचा आहे. अंधारांत दोरीवर सापाची कल्पना लादणें याला ते अध्यारोप म्हणतात. अद्याप दिवा आणलेला नाहीं, ही सूचना त्या शब्दाच्या पोटांतच आहे. 'गुन्हा' हा शब्द फारसींतून आला. तेथें त्याचा अर्थ पाप. मराठेशाहींत 'गुन्हेगारी' म्हणजे अपराधाबद्दल वसूल केलेला दंड, आणि 'जामीन' म्हणजे दुसऱ्याची हमी घेणारा माणूस. आज जामीन म्हणजे खटला चालूं असतां अटींवर मिळालेली मोकळीक. पण 'जामिनावर सुटला' हें ऐकतांच तो निर्दोष ठरला असें कित्येक सुशिक्षितहि धरून चालतात!

याच मुलखांतील रांझें गांवच्या पाटलासंबंधीं शिवाजीमहाराजांचें इ. स. 1646 चें पत्र या दृष्टीनें पुनः वाचण्याजोगें आहे. बाबाजी गुजर पाटलाच्या हातून 'बदअमल' झाल्याची हकीकत कळल्यावर महाराजांनीं त्यास आणविलें, चौकशी केली, गोष्ट खरी ठरली, आणि मग त्याचे हातपाय तोडवून पाटिलकी काढून घेतली. (बदअमल म्हणजे गैरवर्तन, तें नेमकें कोणतें याचा तपशील मागाहून कथेकऱ्यांनीं भरला.) व्याख्यानांतून आपण हातपाय तोडल्याचें तेवढें ऐकतों. मधली चौकशी कोणी सांगत नाहीं.

तसली घोर शिक्षा आज नाहीं, हें योग्यच. 1860 ची दंडसंहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली व कलमांचे आंकडे बदलले. परंतु आधीं खबर, मग तपास, दोषारोपपत्र, पुरावा आणि शेवटीं निवाडा, हा क्रम कायम आहे. दोष शाबीत करण्याचा भार सामान्यतः सरकारपक्षावर असतो, आणि रास्त संशय उरला तर त्याचा फायदा आरोपीस मिळतो. निवाड्यापूर्वीं त्यास दोषी म्हणण्याचा अधिकार न्यायाधीशासहि नाहीं.

निर्दोष ठरून गांवीं परतलेल्या माणसाजवळ निकालपत्राची नक्कल असते. मुलीच्या सोयरिकीस आलेल्या पाहुण्यांपुढें तो ती उलगडून ठेवतो. पाहुणे ती हातीं घेत नाहींत; चहा संपवून, मागाहून कळवितों म्हणून उठतात.