अठ्ठेचाळिसांतले बारा

शिरूर तालुक्याच्या पश्चिम अंगास, पावसाने वारंवार पाठ फिरवलेल्या मुलखात वसलेले आणि ज्ञानेश्वरांचे समकालीन मानल्या गेलेल्या संत कान्हूराज पाठकांच्या नावाने वारकऱ्यांना परिचित असलेले केंदूर हे गाव विद्युत्शास्त्राच्या इतिहासात कोणी शोधावयास जाणार नाही. तथापि गेल्या उन्हाळ्यात तेथील एका रोपवाटिकेच्या आवारात बॅटरीवर चालणाऱ्या एका जुन्या गोल्फ कार्टचे आसन उचलून, तिच्या पोटातील चार बॅटऱ्यांकडे पाहत मी जो अर्धा दिवस घालवला, त्या अर्ध्या दिवसात शंभराहून अधिक वर्षांची एक परंपरा माझ्या दृष्टीपुढून गेली. गाडी पुण्याकडच्या कुठल्याशा गृहसंकुलातून जुन्या बाजारभावाने आणलेली, रोपांचे ट्रे वाहण्याच्या कामी लावलेली. आणि मालकांचा प्रश्न इतकाच, की ४८ व्होल्टांवर चालणाऱ्या या गाडीवर १२ व्होल्टांचा दिवा, भोंगा आणि रेडिओ रीतसर लावायचा कसा.

प्रश्न लहान दिसतो, पण विजेवर चालणारे पहिले वाहन आपल्या मुलखात आले त्या दिवसापासून तो अशा वाहनांच्या मागे लागलेला आहे. वाहन ओढण्यास लागणारा विजेचा दाब मोठा, दिव्यास लागणारा लहान, आणि प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब जसा ट्रान्सफॉर्मरने सहज उतरवता येतो तसा एकदिश प्रवाहाचा उतरवता येत नाही, हे त्याचे मूळ. ७ मे १९०७ रोजी मुंबईत घोड्यांऐवजी विजेची ट्राम धावू लागली. त्या काळच्या ट्रामगाड्यांत बहुतेक ठिकाणी या अडचणीवर एक साधी तजवीज रूढ होती : माथ्यावरच्या तारेतील ५००-६०० व्होल्टांचा दाब एकापुढे एक जोडलेल्या पाच दिव्यांत सारखा वाटून द्यायचा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास त्याला सोसेल तेवढाच येतो. यातला दोष उघड होता. माळेतील एक दिवा गेला की पाचही विझत. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची आगगाडी सुरू झाली आणि १९२९ साली विजेची तार घाट चढून पुण्यास पोहोचली, तेव्हा १५०० व्होल्टांपुढे दिव्यांची माळ पुरी पडणारी नव्हती. म्हणून मोठ्या दाबावर एक मोटर फिरवायची, तिच्याच दांड्याला एक लहान जनित्र जोडायचे आणि त्यातून कमी दाबाची वीज दिव्यांना व नियंत्रणाच्या यंत्रणेला पुरवायची, असा बंदोबस्त झाला. विजेचे आधी फिरणे करायचे आणि त्या फिरण्याची पुन्हा वीज करायची, हा मार्ग आडवळणाचा व वजनदार खरा. पण माझ्या मते तो सचोटीचा होता, कारण त्यात लहान गरजेचा भार संपूर्ण पुरवठ्यावर पडे, त्याच्या एखाद्या तुकड्यावर नव्हे.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले, कारण ग्रामीण भागात दाब उतरवण्याचा हा हुन्नर पोहोचला तो आगगाडीच्या वाटेने नव्हे, ट्रकच्या वाटेने. आणि येताना एक वाईट खोड घेऊन आला. मोठ्या डिझेल ट्रकात १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असत, आणि चालकाला रात्रीच्या सोबतीस हवा असलेला टेपरेकॉर्डर मात्र मोटारींसाठी घडवलेला, १२ व्होल्टांचा. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या पट्टीवरून एक तार घ्यायची, दुसरी बॉडीला, की गाणे सुरू. हमरस्त्यावरच्या कितीतरी वायरमनांनी ही 'मधली तार' हे मोठे कसब समजून आपल्या पोरांना शिकवली. तिचे परिणाम सावकाश दिसत : गाण्याचा सारा खर्च खालच्या एकट्या बॅटरीच्या माथी, भरणा मात्र दोघींचा एकाच प्रवाहाने, वर्षाच्या आत ती बसे, मालक तेवढीच बदले, आणि नवी व जुनी यांची जोडी पहिल्या दिवसापासून बेबनावाची. काही जण दाब उतरवण्यासाठी रोधकाची तार घालत. त्यात बॅटऱ्यांवर अन्याय होत नसे, पण २४चे १२ करताना निम्मी शक्ती नुसती उष्णता होऊन जाई. ४८चे १२ करावयाचे म्हटले तर चारांतले तीन हिस्से.

केंदूरपासून काही किलोमीटरांवरच्या, मस्तानीच्या समाधीमुळे सर्वश्रुत असलेल्या पाबळचा दाखला येथे दिल्यावाचून राहवत नाही. अन्नतंत्रज्ञानात अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनकेंद्रात उमेदीची वर्षे घालवून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली ऐन दुष्काळी टापूत, पाबळला विज्ञान आश्रम स्थापन केला, तो शाळेच्या चौकटीत न बसलेल्या मुलांना हाताने काम करीत विज्ञान शिकवावे या हेतूने. जुन्या जीपचे भाग वापरून लहान ट्रॅक्टर उभा करणे, भूगर्भातील पाणी शोधण्यासाठी जमिनीचा विद्युत्रोध मोजणे, घराची वायरिंग करणे, ही तिथली पाठ्यपुस्तके. आणि २००२ साली संगणकाच्या आज्ञेने वस्तू घडवणारी फॅब लॅब ज्या खेड्यात आली ते हेच. कलबाग २००३ साली गेले. त्यांच्या कार्याचे मोल मला असे वाटते, की 'असेच करतात' या उत्तरापुढे 'का' हा प्रश्न आणि त्या प्रश्नापुढे मीटर ठेवण्याचा शिरस्ता त्यांनी या माळावर रुजवला.

केंदूरच्या त्या गाडीला मीटर लावले तेव्हा चार बॅटऱ्यांपैकी तिघींवर १२.७, १२.७ आणि १२.६ असे आकडे आले, चौथीवर ११.८. झाकणे उघडून बॅटरीत डोकावले, तर ज्या तिघी धडधाकट दिसत होत्या त्यांतलेच पाणी खाली गेलेले, पत्र्यांची टोके उघडी पडलेली. चौथीच्या ध्रुवांवरून दोन बारीक तारा निघून मागच्या रेडिओकडे गेल्या होत्या. पूर्वीच्या कुणा कारागिराने ट्रकची मधली तार येथेही ओढली होती! चौथी रोज अधिक रिती होई. रात्री चार्जर केवळ चौघींची बेरीज पाहून थांबे. म्हणून ती अर्धपोटी राही आणि उरलेल्या तिघी गरजेहून अधिक भरल्या जाऊन आपले पाणी उकळून घालवीत. ट्रकमध्ये दोघींवर जे घडे, तेच येथे चौघींवर घडत होते.

आजचा कन्व्हर्टर हा तळहाताएवढा, पंख्याविना चालणारा डबा त्या जुन्या मोटर-जनित्राचाच वारस आहे. फिरण्याची जागा त्यात एका अर्धवाहक कळीने घेतली आहे, जी सेकंदास हजारो वेळा उघडते-मिटते आणि वेटोळ्याच्या व संधारित्राच्या साहाय्याने मोठ्या दाबाचा प्रवाह थोडा थोडा सोडून लहान दाबाचा सलग प्रवाह करते. जोडणी करणारा तरुण पाबळलाच शिकलेला होता. त्याने आधी गाडीची चावी काढली, मुख्य कळ बंद केली, वजा टोकाची केबल सोडवून बाजूस बांधली आणि मगच पाना हातात घेतला. चार्जिंगच्या वेळी माळेचा दाब ५८ व्होल्टांच्या घरात चढतो, तेवढा सोसणारा डबा आहे ना, हे त्याने त्यावरच्या पट्टीत वाचून घेतले. डब्याची लाल तार संपूर्ण माळेच्या अधिक टोकास, काळी वजा टोकास. लाल तारेत बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. फ्यूज किती अँपिअरचा, याचा हिशेब त्याने पाटीवर खडूने मांडला : १२ व्होल्टांवर २० अँपिअर म्हणजे २४० वॉट, डब्यातली घट धरून ४८ व्होल्टांच्या बाजूस साडेपाच-सहा अँपिअर, म्हणून फ्यूज १० अँपिअरचा. तिसरी बारीक तार चावीला, म्हणजे गाडी बंद तर डबाही बंद.

मग एक गोष्ट मी निरखून पाहिली. दिव्याला त्याने दोन तारा नेल्या. दुसरी तार सांगाड्यावर टेकवली नाही. शेजारी उभ्या असलेल्या, उभी हयात जीप-ट्रॅक्टरात गेलेल्या वयस्क मिस्त्रींना ते खटकले. बॉडीला अर्थ दिल्यावर एक तार वाचते, असे त्यांचे म्हणणे. त्यांचेही चुकत नव्हते. जीपचा लोखंडी सांगाडा हाच तिच्या बॅटरीचा वजा ध्रुव असतो, आणि त्या एकतारी रिवाजावर कितीतरी कारखाने चालले. "काका, या गाडीची बॉडी बॅटरीला जोडलेलीच नाही," एवढेच तो तरुण म्हणाला आणि मीटरचे एक टोक सांगाड्यास, दुसरे अधिक ध्रुवास लावून त्याने त्यांना शून्य दाखवले. मिस्त्रींनी मीटर स्वतःच्या हातात घेतले, दोन ठिकाणी गंज खरवडून पुन्हा पाहिले, आणि मग दुसऱ्या तारेला थिंबल दाबून द्यायला स्वतःच पुढे झाले.

चौथ्या बॅटरीच्या त्या दोन बारीक तारा कापून काढल्या, तिघींत शुद्ध पाणी भरले, चौथी वेगळ्या लहान चार्जरवर दोन रात्री ठेवली. महिन्याने मी पुन्हा केंदूरला गेलो, तेव्हा आसनाखालच्या लाकडी फळीवर खडूने लिहिलेले आकडे होते : १२.७, १२.७, १२.७, १२.४.